‘होऊन जाईल’ म्हणजे किती तारखेला?



आपल्या वऱ्हाडात कुठल्याही कामाचं विचारा, उत्तर एकच येतं. मिस्त्री असो, शिंपी असो, फर्निचरवाला असो, “होऊन जाते नं ताई, टेन्शन कायले घेता?” असं सांगणारा खोटं बोलत असतो असं मला वाटत नाही. त्या क्षणी त्याला मनापासून तसंच वाटत असतं. पण या उत्तरात तारीख नसते. आपणही ती मागत नाही, कारण तारीख मागितली की समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. मग घराचं काम असो, दुकानाचं असो की संघाचं, शेवटच्या आठवड्यात जी धावपळ होते ती बहुतेक बायकांच्या वाट्याला येते.

काम वेळेत होईल की नाही हे आधी सांगता येतं का? माझं मत असं की बऱ्याचदा येतं, आणि चांगलं महिना-दोन महिने आधी येतं. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. जे दिसतंय ते चारचौघांत बोलायची तयारी मात्र लागते, आणि आपलं अडतं ते तिथेच.

आपल्या सगळ्यांच्या पायाखालचं उदाहरण घेऊ. माझं माहेर अमरावती आणि सासर अकोला, त्यामुळे बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू ही वाट मला तोंडपाठ आहे. जेमतेम शंभर किलोमीटर. पण मधली कितीतरी वर्षं या रस्त्याची काय दशा होती ते तुम्हाला सांगायला नको. चौपदरीकरण होणार, होणार म्हणत काम सुरू व्हायचं, बंद पडायचं. कंत्राटदार बदलले, तारखा बदलल्या, खड्डे तेवढे आपल्या जागी राहिले. कोणाच्या घरी बाळंतीण असली की तिला त्या रस्त्याने न्यायचं की रेल्वेने, यावर घरात चर्चा व्हायची.

आणि मग त्याच रस्त्यावर २०२२ च्या जून महिन्यात ते विक्रमाचं काम झालं. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबराचा थर टाकायला सुरुवात झाली आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपली. मधे एकदाही खंड नाही. १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराचा ७५ किलोमीटर रस्ता. दोन पदरांच्या हिशेबाने म्हणायचं तर साडेसदतीस किलोमीटर. गिनीज बुकात नोंद झाली. नितीन गडकरींनी ती जाहीर केली तेव्हा आपल्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच फिरत होतं. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, २०१९ सालचा, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर, आणि त्याला दहा दिवस लागले होते.

तेव्हा आमच्याकडे एक वाक्य फार ऐकू आलं: “बघा, मनात आणलं तर पाच दिवसांत होतं, इतकी वर्षं काय करत होते?” मला ते वाक्य तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कारण त्या आकड्यांचा हिशेब करून पाहा. या कामात खडी-डांबराचं मिश्रण ३६ हजार ६३४ टन लागलं, त्यात डांबर २ हजार ७० टन. १०५ तासांनी भागलं तर तासाला जवळजवळ ३५० टन. एका टिप्परमध्ये २० टन माल धरला तर दर साडेतीन मिनिटांनी एक भरलेला टिप्पर मशीनपुढे उभा राहिला पाहिजे. दिवसा, रात्री, जेवणाच्या वेळी, पहाटे तीन वाजता, सलग साडेचार दिवस. आणि माल गरम हवा. थंड झाला तर रोलर फिरवून उपयोग नाही. कामावर ७२० माणसं होती. म्हणजे त्यांचं जेवण, पाणी, झोप, पाळ्या, मशीनचं डिझेल, बिघडलं तर दुसरं मशीन, हे सगळं ३ तारखेच्या सकाळच्या आधी ठरलेलं असणार. खडी फोडून ढीग लावलेले असणार. डांबराचे टँकर आलेले असणार. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खालचा रस्ता, भरावापासून खडीच्या थरापर्यंत, आधीच तयार होता. विक्रम झाला तो वरच्या थराचा. आपल्या काळ्या जमिनीवर, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, तो खालचा रस्ता तयार करायला किती काळ जातो ते त्या १०५ तासांत धरलेलंच नाही.

पापड लाटायला पंधराजणी बसल्या आणि दोन तासांत पाच किलो झाले, असं आपण सांगतो तेव्हा डाळ दळून आणणं, पापडखार घालून पीठ भिजवणं, कुटणं, लाट्या करणं हे कोणी मोजत नाही. तसंच ते.

तारीखही पाहा. जूनची ३ ते ७. विदर्भात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, आणि पावसात डांबर टाकता येत नाही. म्हणजे आठवडाभर हाताशी ठेवून काम आखलं होतं. त्यातले दोन दिवस वाया गेले असते तरी पाऊस यायच्या आत काम झालं असतं. मला त्या विक्रमापेक्षा या शिल्लक ठेवलेल्या आठवड्याचं जास्त कौतुक वाटतं. पण त्याची नोंद कुठल्याच बुकात होत नाही.

तर एकाच रस्त्याने आपल्याला दोन्ही दाखवलं. वर्षानुवर्षं चुकलेल्या तारखाही दाखवल्या आणि तासा-मिनिटाला उतरलेलं कामही दाखवलं. माणसं तीच, मातीही तीच. म्हणून काम वेळेत होईल का, हे ओळखायचं असेल तर आज काम किती जोरात चाललंय याकडे मी फार पाहत नाही. सुरू व्हायच्या आधी काय काय तयार होतं आणि कोणत्या गोष्टीची वाट पाहणं बाकी आहे, ते पाहते.

सरकारी कामांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि ठेवायला जागाही भरपूर आहे. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं. आधी धरलेला खर्च ३७२ कोटी होता, तो १८ हजार कोटींच्या वर गेला. बेलोऱ्याच्या विमानतळावरून आता विमान उडेल, मग उडेल, असं आपण किती वर्षं वाचत होतो. शेवटी १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचं विमान सुरू झालं. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी २०१७ च्या सुरुवातीला बंद केली ती मोठी लाइन टाकण्यासाठी. त्यातला अकोटपर्यंतचा तुकडा सुरू व्हायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला, आणि अकोटच्या पुढे मेळघाटचं जंगल आडवं आलं. पण हा रोग फक्त सरकारचा आहे असं म्हणून आपण सुटत नाही. आपापल्या घरातली कामं आठवा.

नोबेल मिळालेले डॅनियल काहनेमन म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. इस्रायलमध्ये ते आणि काही मंडळी शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करत होती. काम छान चाललं होतं. एकदा त्यांनी सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, पुस्तक किती दिवसांत पुरं होईल? सगळ्यांचं उत्तर दोन वर्षांच्या आसपास. मग त्यांनी त्यांच्यातल्याच एका अनुभवी गृहस्थांना विचारलं, की तुम्ही अशी दुसरी पुस्तकं पाहिली आहेत, त्यांना किती वेळ लागला? ते गृहस्थ जरा गप्प झाले. मग म्हणाले, चाळीस टक्के लोकांचं पुस्तक झालंच नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. गंमत म्हणजे याच गृहस्थांनी पाच मिनिटांपूर्वी चिठ्ठीवर दोनच वर्षं लिहिली होती. त्यांना माहीत होतं, पण स्वतःच्या कामाला ते ज्ञान लावावं हे सुचलं नव्हतं. आणि ऐकून सगळ्यांनी काय केलं? काम तसंच पुढे चालू ठेवलं. पुस्तक व्हायला आठ वर्षं लागली.

कॅनडात १९९४ साली विद्यार्थ्यांवर असाच एक अभ्यास झाला. प्रबंध कधी पुरा कराल, असं विचारल्यावर सरासरी उत्तर ३४ दिवस आलं. सगळं वाईटात वाईट घडलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ दिवस. वाईटात वाईट म्हणून जे धरलं होतं, त्यापेक्षाही सहा दिवस जास्त. यात आळस आहे असं मी म्हणणार नाही. आपण काम मनात चालवून पाहतो तेव्हा ते सरळ चालतं. मनातल्या कामात लाइट जात नाही, सासूबाई पडत नाहीत, मिस्त्रीच्या भाच्याचं लग्न निघत नाही.

म्हणून पहिला प्रश्न ठेकेदाराला नको. ज्यांच्याकडे असंच काम नुकतंच झालं आहे त्यांना विचारावं, तुमचं कधी सुरू झालं आणि कधी संपलं? त्यांना किती दिवस लागणार असं वाटलं होतं ते विचारायचं नाही, किती लागले ते विचारायचं. तीन घरी विचारलं तरी पुरतं. आपलं काम त्या तिघांपेक्षा लवकर होईल असं वाटत असेल, तर का वाटतं याचं एक तरी धड कारण हातात हवं. “आपला माणूस चांगला आहे” हे कारण मी धरत नाही. त्या तिघांचाही माणूस चांगलाच होता.

दुसरं, कुठलं काम हात वाढवून लवकर होतं आणि कुठलं होत नाही, हे बायकांइतकं कोणाला कळतं? पापड लाटायला दहाजणी जास्त आल्या तर वेळ निम्मा होतो. वाळायला मात्र ऊन लागतं तेवढंच लागतं. लोणचं मुरायला, दही लागायला, आजारी माणूस उठून बसायला जो वेळ जातो त्यात शेजारीण येऊन मदत करू शकत नाही. बांधकामात बराच वेळ असा वाळण्या-मुरण्याचा असतो. काँक्रीटला निदान सात ते दहा दिवस पाणी मारायचं. मोठ्या हॉलची तुळई सहा मीटरपेक्षा लांब असेल तर खालचे टेकू एकवीस दिवस काढायचे नसतात, हा नियम आहे. प्लास्टर वाळल्याशिवाय रंग लावला तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पोपडे निघतात. “माणसं वाढवतो नं ताई” हे उत्तर मिळालं की विचारावं, दादा, कोणत्या कामावर वाढवाल?

तिसरी गोष्ट मला माझ्या बी.कॉम.ने शिकवली. कॉस्टिंगच्या पेपरात ठेक्याच्या कामाचं खातं असायचं. त्यात झालेलं काम दोन ओळींत लिहायचं, आर्किटेक्टने दाखला दिलेलं काम वेगळं आणि दाखला न दिलेलं वेगळं. नफ्याचा नियम तर फारच शहाणपणाचा होता. ठेक्याचं काम पाव हिश्श्यापेक्षा कमी झालं असेल तर नफा एक रुपयासुद्धा धरायचा नाही, कारण अजून काहीही होऊ शकतं. पाव ते अर्धं झालं असेल तर दिसणाऱ्या नफ्याचा तिसरा हिस्साच विचारात घ्यायचा. अर्ध्याच्या वर गेलं तर दोन-तृतीयांश. त्यातूनही हातात पैसा किती आला ते पाहून आणखी कमी करायचं. आमचे सर म्हणायचे, हा नियम घाबरटांसाठी नाही, ज्यांना रात्री झोप हवी आहे त्यांच्यासाठी आहे. मी पुढे नोकरी केली नाही, पण आशेला हाच नियम लावत आले. “ऐंशी टक्के झालं” असं कोणी म्हटलं की मी विचारते, त्यातलं पुन्हा हात लावायची गरज नाही असं किती? बाथरूमच्या टाइल्स लागल्या पण नळ बसले नाहीत, ते झालं की बाकी? माझ्या वहीत बाकी.

आणि चौथं म्हणजे पंचांग. हे आपल्या हातातलं असून सर्वांत जास्त दुर्लक्षित. आपल्याकडे बांधकामावर मेळघाटातली बरीच माणसं असतात. कोरकू लोकांचा सर्वांत मोठा सण होळी. त्या वेळी ती माणसं गावी जाणार, फगव्याचे दिवस काढूनच परतणार, आणि जावंच त्यांनी, वर्षाचा सण आहे. पुढे अक्षय तृतीयेच्या आसपास लग्नं. पहिला चांगला पाऊस पडला की सोयाबीन आणि कपाशीची पेरणी, ज्याला दोन एकर आहेत तो मिस्त्रीसुद्धा थांबत नाही. त्यात उन्हाळ्यात आपला पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी बारा ते चार काम होत नाही. अकोल्यात नळाला रोज पाणी नसतं, बांधकामाला टँकर. यातलं काहीही अचानक येत नाही. तरी दरवर्षी “नेमकी माणसं गावी गेली” असं ऐकू येतं. नेमकी?

आता ज्या कामामुळे हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

आमच्या भागातल्या स्थानकाच्या वरच्या मजल्यावर प्रवचनासाठी नवा हॉल बांधणं चालू आहे. यंदा महासतीजींचा ठाणा ५ चा चातुर्मास मिळाला आहे. कितीतरी वर्षांनी मिळाला, म्हणून सगळ्यांचा उत्साह मोठा आहे. हॉल चातुर्मासाच्या आत होणार असं धरूनच विनंती केली होती. मंगल प्रवेशाला आज मोजून ४८ दिवस आहेत.

गेल्या आठवड्यात मी आणि महिला मंडळाच्या दोघीजणी वर जाऊन पाहून आलो. स्लॅब पडून नऊ दिवस झाले आहेत. तुळया लांब आहेत, म्हणजे टेकू काढायला अजून बारा दिवस. मग दोन बाजूंच्या भिंती आणि संडास-बाथरूमचं बांधकाम, मिस्त्रीनेच सांगितलं आठ दिवस. भिंती झिरून वायरचे पाइप टाकायला चार. आतलं प्लास्टर दहा. त्याला पाणी मारायचे सात. फरशी नऊ. दारं-खिडक्या तीन. रंग सात. मी मिस्त्रीचेच आकडे धरले, माझ्या मनाचा एकही वाढवला नाही. बेरीज साठ. एका बाजूचं प्लास्टर वाळतंय तोवर दुसऱ्या बाजूची फरशी असं एकात एक घालून आठ दिवस वाचतात. राहिले बावन्न. हातात ४८. आणि या बावन्नात पावसाचा, पेरणीचा, न आलेल्या टँकरचा एकही दिवस नाही. फाल्गुनात होळीला सेंटरिंगवाले गेले तेव्हा बारा दिवस काम बंद होतं, तसे चार दिवस जरी धरले तरी छप्पन्न होतात.

काही जणांचं म्हणणं असं की रंग नंतर करू, फरशी झाली की पुरे. इथे मात्र विषय आपल्या आचाराचा होतो. ओल्या भिंती, त्यात पावसाळा, दारं-खिडक्या नीट लागत नाहीत, अशा जागी पंधरा दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यात लीलण-फूलण येणार. महासतीजी तिथे पाय कुठे ठेवणार? पूंजणीने किती पूंजणार? ज्यांनी जीवरक्षेसाठी चार महिने विहार थांबवला, त्यांना आपण हिरवट, ओल्या खोलीत उतरवायचं? संघाची शोभा राहावी म्हणून? शिवाय खाली प्रवचन चालू आणि वर मशीनने टाइल कापणं चालू, असा चातुर्मास मी एका गावी पाहिला आहे. श्रावकांना ऐकू येत नव्हतं आणि मजुरांना थांबून थांबून रोजी पडत नव्हती.

हे मी आमच्या बैठकीत मांडलं. आकड्यांवर कोणी बोललं नाही. बोललं गेलं ते असं, की शुभ कामात “नाही होणार” म्हणू नये. एक भाऊ म्हणाले, “वहिनी, तुम्ही आधीच नकार घंटा वाजवू नका, देव-गुरू-धर्माच्या कृपेने सगळं होऊन जाईल.” मी त्यांचा आदर करते, गेली कित्येक वर्षं संघाचं काम त्यांनी पदरचे पैसे घालून केलं आहे. पण मला हे पटत नाही, आणि मैत्रिणींनो, ही गोष्ट आपण प्रत्येकीने कुठे ना कुठे ऐकली आहे. लग्नात, घरभरणीत, सुनेच्या बाळंतपणात. जी बाई हिशेब करून सांगते की वेळ पुरत नाही, ती अपशकुनी. जो हिशेब न करता हो म्हणतो, तो श्रद्धावान. काँक्रीट कोणाच्या श्रद्धेने दोन दिवस आधी घट्ट होत नाही, आणि तसं समजणं ही गुरुकृपेची फार स्वस्त किंमत लावणं आहे. गुरूंनी आपल्याला विवेक ठेवायला सांगितला. विवेकात मोजणंही येतं.

याला एक उत्तर असं दिलं जातं, की तारीख ताणलेली ठेवली तरच काम होतं, सैल सोडली की सगळे सुस्तावतात. त्यात तथ्य आहे. कोकण रेल्वेच्या कामात ई. श्रीधरन यांनी उलटं चालणारं घड्याळ लावलं होतं, किती दिवस उरले ते रोज दिसावं म्हणून. पुढे दिल्ली मेट्रोतही तेच केलं आणि मेट्रोचा पहिला टप्पा मुदतीच्या आधी झाला. पण त्याच माणसाची कोकण रेल्वे पाच वर्षांत व्हायची होती, ती १९९० ला सुरू झाली आणि १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर गाडी धावली. गोव्याकडच्या बोगद्यांत माती इतकी भुसभुशीत निघाली की काढावी तेवढी पुन्हा आत यायची. घड्याळ तेव्हाही भिंतीवर होतं. फरक इतकाच की जिथे अडलं ते त्यांना रोज दिसत होतं आणि ते लपवलं जात नव्हतं. ताणलेली तारीख जरूर ठेवा, पण तिच्या शेजारी रोजचे उरलेले दिवस आणि उरलेलं काम दोन्ही लिहा. आमच्या स्थानकाच्या फळ्यावर फक्त मंगल प्रवेशाची तारीख लिहिली आहे, तीही रंगीत खडूने, फुलं काढून.

मला घाई वाटते ती एका कारणासाठी. आज सांगितलं तर मार्ग आहेत. खालचा जुना हॉल लहान आहे, पण कोरडा आहे. प्रवचनाला बाजूच्या मंगल कार्यालयाचा हॉल चार महिन्यांसाठी सकाळी दोन तास मिळू शकतो, आज विचारला तर. लग्नसराई संपलेली असते, भाडंही कमी लागेल. उतरण्यासाठी स्थानकाला लागून असलेला एका कुटुंबाचा तळमजला रिकामा आहे, त्यांनी स्वतःहून देऊ केला आहे. महासतीजी सध्या विहारात आहेत, रोज पंधरा-वीस किलोमीटर चालून, त्याच महामार्गाच्या कडेकडेने आपल्याकडे येत आहेत. त्यांना आज कळलं तर जागा कशी आहे याचा त्या विचार करतील, काही सुचवतील. चार दिवस आधी कळलं तर त्यांच्यापुढे कुठलाच मार्ग उरणार नाही, आणि त्या काही बोलणारही नाहीत. आपण त्यांच्या न बोलण्याचा फायदा घेतल्यासारखं होईल.

हॉलचं काम मग घाईत उरकावं लागणार नाही. दिवाळीपर्यंत, पाऊस उतरल्यावर, भिंती नीट वाळवून होईल. ज्यांनी त्यासाठी पैसे दिले आहेत त्यांच्या पैशाचंही ते सार्थक आहे. लाखो रुपयांच्या कामात पंधरा दिवसांची घाई करून पुढची वीस वर्षं गळती काढत बसायची, हे कुठल्या खात्यात बसतं मला सांगा.

रविवारी सामायिकनंतर पुन्हा बैठक आहे. मी एका कागदावर दोन रकाने केले आहेत, डावीकडे उरलेलं काम आणि मिस्त्रीने दिलेले दिवस, उजवीकडे ते काम कशासाठी थांबलं आहे. खाली मिस्त्रीची सही घेतली आहे. त्याने हसत हसत केली आणि म्हणाला, “बाई, मले तर कोणी इचारलंच नाही, तारीख तर वरूनच आली.” मंडळाच्या अकराजणी बरोबर येणार आहेत. मंगल कार्यालयवाल्याशी फोनवर बोलणं झालं आहे, त्याने बुधवारपर्यंत हॉल धरून ठेवतो म्हटलं आहे.